दंतकथेतील प्राण्यांचा माग काढणारे रिअ‍ॅलिटी कार्यक्रम आणि त्यांची कुटुंबयोग्यता

गोषवारा :
बिगफूट, यती यांसारख्या दंतकथेतील प्राण्यांचा माग काढणारे रिअ‍ॅलिटी कार्यक्रम २००७ नंतर अमेरिकेतील वाहिन्यांवर मोठ्या संख्येने आले. हे कार्यक्रम सहकुटुंब पाहण्याजोगे आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर तेथील प्रचलित वर्गीकरण प्रामुख्याने भाषा, हिंसा आणि लैंगिकता या निकषांवर देते. ‘हे सर्व खरे आहे’ असा जो दावा कार्यक्रम करतो, त्याची नोंद मात्र हे वर्गीकरण घेत नाही. बालकाच्या भीतीचा आणि त्याच्या विवेकबुद्धीच्या घडणीचा संबंध मुख्यतः या दाव्याशी असल्याने कुटुंबयोग्यतेच्या विचारात पुराव्याविषयीचा प्रामाणिकपणा हा स्वतंत्र निकष मानला पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : रिअ‍ॅलिटी कार्यक्रम, दंतकथा, कुटुंबयोग्यता, बालप्रेक्षक, पुरावा.

प्रस्तावना :
दूरचित्रवाणी हे घरातील सर्व वयोगट एकत्र बसून पाहू शकतील असे माध्यम आहे. त्यामुळे एखादा कार्यक्रम ‘घरच्यांसोबत पाहता येईल का’ हा प्रश्न या माध्यमाच्या आरंभापासून विचारला जात आहे. सामान्यतः या प्रश्नाचा अर्थ मर्यादित घेतला जातो. अश्लील दृश्य नाही, शिवीगाळ नाही, रक्तपात नाही, म्हणजे कार्यक्रम कुटुंबयोग्य, अशी समजूत रूढ आहे. दंतकथेतील प्राण्यांच्या शोधावरील कार्यक्रम या कसोटीवर बहुधा सहज उत्तीर्ण होतात. त्यांत जंगल असते, रात्र असते, कंदील व कॅमेरे घेऊन हिंडणारी माणसे असतात आणि जो प्राणी शोधावयाचा तो शेवटपर्यंत पडद्यावर येतच नाही. असे असूनही हे कार्यक्रम पाहिलेले मूल रात्री एकटे झोपण्यास घाबरते, असा अनुभव पालकांना येऊ शकतो. प्रत्यक्षात काहीच भयानक दाखविलेले नसताना ही भीती कोठून येते, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभबिंदू होय.

दंतकथेपासून वाहिनीपर्यंत :
या कार्यक्रमांचा कच्चा माल विसाव्या शतकातील वृत्तपत्रांनी तयार केला. १९२१ मध्ये चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखालील एव्हरेस्ट पाहणी मोहिमेला बर्फात मोठ्या आकाराचे ठसे दिसले. हमालांनी त्यांसाठी वापरलेल्या स्थानिक शब्दांचे कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे पत्रकार हेन्री न्यूमन यांनी जे सदोष भाषांतर केले, त्यातून ‘हिममानव’ ही कल्पना जगभर पसरली. स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवराच्या प्राण्याची वार्ता १९३३ मध्ये गाजली आणि १९३४ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ने त्याचे सुप्रसिद्ध छायाचित्र छापले. हे छायाचित्र खेळण्यातील पाणबुडीला कृत्रिम मान जोडून घेतले होते, ही गोष्ट साठ वर्षांनी, १९९४ मध्ये, उघड झाली. ‘बिगफूट’ हा शब्द १९५८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याच्या कामावर दिसलेल्या प्रचंड पाऊलखुणांच्या बातमीतून रूढ झाला. त्या कामाशी संबंधित रे वॉलेस यांचे २००२ मध्ये निधन झाल्यावर, लाकडी पावले वापरून त्यांनीच ते ठसे उमटविले होते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बातमी तत्काळ पसरते. खुलासा मात्र अनेक दशकांनी येतो आणि तो मूळ बातमीइतक्या लोकांपर्यंत पोहोचत नाही. रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांनी हीच विषमता वारसाहक्काने घेतली आहे.

येथे लोकपरंपरा आणि वृत्तपत्रीय दंतकथा यांतील भेदही लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘सॅस्क्वॉच’ हे बिगफूटचे दुसरे नाव कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूलनिवासींच्या हाल्कोमेलेम भाषेतील शब्दावरून आले आहे. अशा परंपरांमध्ये वनातील महाकाय प्राणी पकडून सिद्ध करावयाची वस्तू नसून कथेचा आणि श्रद्धेचा विषय असतो. आपल्याकडील मुंजा, हडळ किंवा बागुलबुवा यांच्या गोष्टींचीही स्थिती अशीच आहे. आजीच्या तोंडून येणारी गोष्ट भीती घालते, परंतु तिच्याभोवती गोष्टीची चौकट असते आणि भ्यालेल्या मुलाला आजी जवळ घेते. दूरचित्रवाणीवरील शोधमोहिमेने ही चौकट काढून टाकली आणि तिच्या जागी उपकरणे, नकाशे व प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती आणल्या.

शोध आणि शिकार : कार्यक्रमांचे चार प्रकार :
अमेरिकेत ‘डेस्टिनेशन ट्रुथ’ आणि ‘मॉन्स्टरक्वेस्ट’ या दोन मालिका २००७ मध्ये सुरू झाल्या आणि पुढील दशकात या प्रकाराला बहर आला. कुटुंबयोग्यतेच्या दृष्टीने या कार्यक्रमांची चार प्रकारांत विभागणी करता येते.

पहिला प्रकार अनिर्णित शोधाचा. ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’ वाहिनीवर २०११ ते २०१८ या काळात चाललेली ‘फाइंडिंग बिगफूट’ ही मालिका त्याचे ठळक उदाहरण होय. चार जणांचे पथक एखाद्या गावी जाते, ग्रामस्थांची सभा घेते, प्रत्यक्षदर्शींच्या कथनानुसार प्रसंगाची पुनर्रचना करते आणि रात्री जंगलात आरोळ्या देऊन अथवा झाडांवर ठोके मारून उत्तराची वाट पाहते. पथकात रने हॉलंड या जीवशास्त्रज्ञ संशयवादी सदस्य म्हणून होत्या, ही या मालिकेची जमेची बाजू. तथापि एवढ्या वर्षांत प्राणी सापडला नाही, हा निष्कर्ष कार्यक्रम कधी काढीत नाही. प्रत्येक भागातील अपयश पुढील भागाचे आश्वासन बनते.

दुसरा प्रकार सशस्त्र शिकारीचा. ‘डेस्टिनेशन अमेरिका’ वाहिनीवर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘माउंटन मॉन्स्टर्स’ मालिकेत अ‍ॅपलेशियन डोंगराळ प्रदेशातील पुरुषांचे पथक बंदुका घेऊन रात्री जंगलात शिरते व ओंडक्यांचे अवाढव्य सापळे उभारते. मराठीत ‘शोध’ आणि ‘शिकार’ हे भिन्न अर्थांचे शब्द आहेत. अशा मालिकांत शब्द शोधाचे असतात, हालचाली शिकारीच्या. एखादी दुर्मीळ प्रजाती खरोखर अस्तित्वात असेल, तर तिच्यावर बंदूक रोखणे कितपत योग्य, हा प्रश्न मुलाच्या मनात उपस्थितच होत नाही. या संदर्भात वॉशिंग्टन राज्यातील स्कॅमेनिया परगण्याचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १९६९ मध्ये बिगफूटला मारणे दंडनीय ठरविणारा स्थानिक कायदा करण्यात आला. त्यामागे विनोदाचा अंश असला, तरी बिगफूटच्या शोधात सशस्त्र हिंडणाऱ्यांच्या हातून एखादा माणूसच मारला जाण्याचा धोका खरा होता.

तिसरा प्रकार उकललेल्या रहस्याचा. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ व मासेमार जेरेमी वेड यांची ‘रिव्हर मॉन्स्टर्स’ ही २००९ ते २०१७ या काळातील मालिका नावाने राक्षसांची, परंतु पद्धतीने वेगळी आहे. नदीतील ‘राक्षसा’ची वदंता ऐकणे, संभाव्य कारणांची छाननी करणे आणि अखेरीस प्रत्यक्षातील मासा पकडून दाखविणे, असा तिचा क्रम असतो. मासा बहुधा पुन्हा पाण्यात सोडला जातो. भारत-नेपाळ सीमेवरील काली नदीत माणसांवर झालेल्या कथित हल्ल्यांचा माग काढताना वेड यांनी सुमारे सहा फूट लांबीचा गूंच मासा पकडला होता. पार्श्वसंगीत आणि निवेदन भीती वाढविणारे असले, तरी मुलाच्या हाती शेवटी उत्तर पडते.

चौथा प्रकार बनावट माहितीपटाचा. हा रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांचा निकटचा आप्त होय. ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’ने २०१२ मध्ये ‘मरमेड्स : द बॉडी फाउंड’ हा कार्यक्रम दाखविला. त्यातील शास्त्रज्ञ हे नट होते आणि मत्स्यकन्येचे अवशेष काल्पनिक होते. प्रेक्षकांकडून विचारणा झाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाला, जलमानवाच्या अस्तित्वाचा कोणताही पुरावा कधीही मिळालेला नाही, असे निवेदन प्रसिद्ध करावे लागले. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘डिस्कव्हरी’ वाहिनीने लाखो वर्षांपूर्वी लुप्त झालेला मेगालोडॉन शार्क अद्याप जिवंत असल्याचे सुचविणारा कार्यक्रम याच धर्तीवर प्रसारित केला. दोन्ही ठिकाणी काल्पनिकतेची सूचना होती, परंतु ती क्षणमात्र झळकणारी व अखेरीस येणारी. टीकेनंतर, २०१५ च्या आरंभी, ‘डिस्कव्हरी’च्या नव्या प्रमुखांनी असे कार्यक्रम पुन्हा न करण्याचे जाहीर केले.

वर्गीकरणाची चौकट आणि तिची मर्यादा :
अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याच्या पार्श्वभूमीवर कार्यक्रमांचे वयोगटनिहाय वर्गीकरण १९९७ पासून सुरू झाले. टीव्ही-वाय, टीव्ही-वाय७, टीव्ही-जी, टीव्ही-पीजी, टीव्ही-१४ आणि टीव्ही-एमए अशा त्याच्या श्रेणी आहेत. त्याच वर्षी त्यांना सूचक संवाद, अशिष्ट भाषा, लैंगिक प्रसंग व हिंसा दर्शविणारी अक्षरे जोडण्यात आली. जानेवारी २००० पासून तेरा इंच व त्यापेक्षा मोठ्या पडद्याच्या नव्या दूरचित्रवाणी संचात व्ही-चिप बसविणे अनिवार्य झाले. श्रेणी ठरविण्याचे काम मात्र वाहिन्या स्वतःच करतात.

या व्यवस्थेत एक अर्थपूर्ण विसंगती आढळते. टीव्ही-वाय७ या श्रेणीच्या व्याख्येत कल्पित आणि वास्तव यांतील भेद ओळखण्याची क्षमता आलेल्या मुलांचा उल्लेख आहे. म्हणजे हा भेद बालप्रेक्षकाच्या दृष्टीने निर्णायक आहे, हे वर्गीकरणकर्त्यांना ठाऊक आहे. परंतु ज्या कार्यक्रमात प्रौढ व्यक्तीच कल्पिताला वास्तव म्हणून सादर करतात, त्याची खूण करणारे अक्षर या व्यवस्थेत नाही. व्यंगपटातील राक्षसाच्या मारामारीला ‘काल्पनिक हिंसा’ असे स्वतंत्र चिन्ह मिळते. जंगलात राक्षस खरोखर आहे असे गंभीर चेहऱ्याने सांगणाऱ्या माणसाला मात्र कोणतेही चिन्ह लागत नाही.

बालकाची भीती आणि ‘खरे’पणाचा दावा :
माध्यमे आणि बालकांची भीती या विषयावर जोअ‍ॅन कँटर या अमेरिकन अभ्यासिकेने दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांच्या संशोधनानुसार सुमारे तीन ते आठ वर्षांच्या मुलांना प्रामुख्याने विद्रूप, भयंकर दिसणाऱ्या गोष्टींची भीती वाटते. वय वाढते तशी केवळ दिसण्याची भीती कमी होते आणि जे खरोखर घडू शकेल त्याची भीती वाढते. भीती घालविण्याचे उपायही वयानुसार बदलतात. लहान मुलाला जवळ घेणे, कार्यक्रम बंद करणे असे उपाय लागू पडतात. मोठ्या मुलाला स्पष्टीकरण उपयोगी पडते, आणि त्यांतील सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे ‘हे खरे नाही’.

दंतकथेतील प्राण्यांवरील रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाची खरी अडचण येथे आहे. राक्षसपट पाहून घाबरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पालक सांगू शकतात की हा नट होता, तो मुखवटा होता. रिअ‍ॅलिटी कार्यक्रम पालकाच्या हातातील हे साधनच काढून घेतो. कार्यक्रमात दिसणारा शेतकरी हा शेतकरी आहे, गाव नकाशावर आहे, वाहिनी वन्यजीवांची आहे आणि सर्वजण गंभीर आहेत. पालक ‘हे खोटे आहे’ म्हणाले, तर मुलापुढे पालकावर विश्वास ठेवावा की पडद्यावर, असा पेच उभा राहतो. शिवाय कार्यक्रमात प्राणी दिसत नाही, हे भीती कमी होण्याचे कारण न ठरता ती टिकण्याचे कारण ठरू शकते. दिसलेल्या राक्षसाला सीमा असतात. न दिसलेला राक्षस घरामागच्या झाडीतही असू शकतो. रक्ताचा थेंबही न दाखविणारा कार्यक्रम झोप का उडवितो, याचा उलगडा यातून होतो.

पुराव्याचे शिक्षण :
भीती ही तात्कालिक हानी मानली, तर दूरगामी हानी विचारपद्धतीची आहे. या कार्यक्रमांत फांदी मोडल्याचा आवाज, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातील अस्पष्ट ठिपका आणि पाऊलखूण यांना पुराव्याचा दर्जा मिळतो. उपकरणे विज्ञानाची असतात, परंतु विज्ञानाचा गाभा असलेली रीत, म्हणजे आपले गृहीतक चुकीचे ठरू शकेल अशी कसोटी आधीच ठरविणे, ही अनुपस्थित असते. उत्तर आले तर प्राणी आहे, उत्तर आले नाही तर प्राणी सावध आहे. अशा मांडणीत कोणतीही घटना श्रद्धेला धक्का देऊ शकत नाही.

वस्तुतः हेच विषय खऱ्या शोधाचे उत्तम नमुने पुरवितात. शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यतीचे म्हणून जतन केलेल्या नऊ नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतील आठ नमुने अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. त्या अभ्यासातून हिमालयीन अस्वलांच्या वंशेतिहासाविषयी मौलिक माहितीही हाती आली. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी २०१८ मध्ये लॉक नेसच्या पाण्याचे सुमारे अडीचशे नमुने तपासले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पाण्यात महाकाय सरीसृपाचा जनुकीय अंश आढळला नाही. ईल माशांचा मात्र मुबलक आढळला. कुतूहल कायम ठेवून उत्तर स्वीकारणे म्हणजे काय, हे या दोन उदाहरणांतून दहा वर्षांच्या मुलालाही समजावून देता येते.

भारतीय संदर्भ :
हे कार्यक्रम अमेरिकन असले, तरी आंतरराष्ट्रीय वाहिन्या आणि ओटीटी मंच यांच्यामुळे त्यांचा प्रेक्षकवर्ग तेथपुरता मर्यादित नाही. यतीचा विषय तर हिमालयामुळे भारताशी थेट जोडलेला आहे. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सैन्याच्या अधिकृत ट्विटर खात्यावर मकालू तळाजवळ आढळलेल्या ३२ इंच लांबीच्या गूढ ठशांची छायाचित्रे यतीच्या नावासह प्रसिद्ध झाली, तेव्हा देशभर चर्चा व थट्टा दोन्ही झाल्या.

भारतीय नियमांत या प्रश्नाच्या एका अंगाची दखल आढळते. केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहिता अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम निषिद्ध ठरविते, तसेच मुले मोठ्या संख्येने पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत असे सांगते. ओटीटी मंचांसाठीच्या २०२१ च्या नियमांत वयोगटनिहाय श्रेणी ठरविताना भीती व भयानकता आणि अनुकरणीय धोकादायक वर्तन यांचाही विचार अपेक्षित आहे. या दृष्टीने भारतीय निकष अधिक व्यापक आहेत. तथापि एखादा कार्यक्रम वास्तव म्हणून जे सांगतो ते कितपत प्रामाणिक आहे, याची खूण प्रेक्षकाला देणारी श्रेणी येथेही नाही. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. त्या कर्तव्याचा आरंभ घरातील दिवाणखान्यात होऊ शकतो.

कुटुंबयोग्यतेचे प्रस्तावित निकष :
वरील विवेचनाच्या आधारे पालक व शिक्षकांना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतील.
१) कार्यक्रम काल्पनिक किंवा नाट्यरूपांतरित भागाची सूचना स्पष्टपणे व वेळीच देतो काय?
२) भागाच्या अखेरीस एखादे उत्तर, निदान ‘सापडले नाही’ अशी प्रांजळ कबुली मिळते काय?
३) पर्यायी स्पष्टीकरणांना, उदाहरणार्थ अस्वल, घुबड, वारा किंवा खोडसाळपणा यांना, गांभीर्याने स्थान दिले जाते काय?
४) शस्त्रे, सापळे आणि रात्रीचे एकाकी भ्रमण यांचे गौरवीकरण होते काय?
५) ज्या समाजाची दंतकथा आहे, त्या समाजाचे चित्रण आदराने होते की विदूषकासारखे?

या कसोट्यांवर ‘रिव्हर मॉन्स्टर्स’सारखी मालिका शाळकरी मुलांसह पाहता येईल. ‘फाइंडिंग बिगफूट’ सोबत चर्चा करणारी प्रौढ व्यक्ती असल्यास उपयुक्त ठरू शकेल. सशस्त्र शिकारीचे कार्यक्रम मोठ्या मुलांसाठीच योग्य होत. बनावट माहितीपट मात्र प्रथम त्याचे बनावटपण सांगून मगच दाखवावा. नुसते शेजारी बसून पाहणे पुरेसे नाही. पॅटी व्हाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पालकांच्या मध्यस्थीचे निर्बंध, मार्गदर्शन आणि सहदर्शन असे तीन प्रकार वेगळे केले होते. प्रस्तुत प्रकारच्या कार्यक्रमांत सहदर्शनाला मार्गदर्शनाची जोड नसेल, तर पालकांचे मौन मुलाला संमती वाटण्याची शक्यता आहे.

निष्कर्ष :
दंतकथा मुलांपासून दूर ठेवाव्यात असा या विवेचनाचा अर्थ नाही. अद्भुताची ओढ ही कुतूहलाची पहिली पायरी आहे आणि भीतीची गोष्ट ऐकणे हाही बालपणाचा एक आनंद आहे. आक्षेप आहे तो गोष्टीला बातमीचा वेष चढविण्यावर. कार्यक्रमाची कुटुंबयोग्यता केवळ त्यात काय दाखविले यावरून ठरत नाही. जे दाखविले त्याविषयी मुलाला काय सांगितले, यावरही ती ठरते. म्हणून वर्गीकरणात वास्तव, नाट्यरूपांतर आणि कल्पित यांचा भेद दर्शविणारी खूण समाविष्ट होणे इष्ट आहे. ती होईपर्यंत हे काम घरी पालकांना आणि वर्गात अध्यापकांना करावे लागेल. पाऊलखूण पाहून घाबरलेल्या मुलाने ‘ही कशावरून त्याचीच?’ असा प्रश्न विचारला, तर भीती ओसरण्यास आणि विचार सुरू होण्यास एकाच वेळी आरंभ झाला, असे समजावे.